स्वकीय कुशल लिहीत जावे

निरुपयोगी गोष्टींची बाजू घेऊन बोलायला सहसा कोणी उभं राहत नाही. उपयोगी गोष्टींना कैवारी पुष्कळ. त्यांची शिफारस डॉक्टर करतात, सरकार करतं, शेजारचे न विचारता करतात. आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज पहाटे एक गुलाब उमलतो. आज मी त्याचं वकीलपत्र घ्यायचं ठरवलं आहे. हा गुलाब कुठल्या मातीत वाढतो कोण जाणे. त्याच्या पाकळीवर दवाचे थेंब असतात आणि प्रत्येक थेंबात एकेक अख्खा सूर्य असतो. शेजारी वाफाळता कप. मागचं आकाश एकाच वेळी नारिंगी आणि जांभळं; अशी पहाट मी महाबळेश्वरलाही पाहिलेली नाही. कोपऱ्यातून दोन हंस येतात आणि एकमेकांकडे बघत तिथेच थांबतात. या सगळ्या निसर्गावर, प्रजासत्ताक दिनी कलेक्टर कचेरीवर चढवलेल्या रोषणाईसारखा, लाल-पिवळ्या अक्षरांत एक सुविचार झळकत असतो. तो कोणाचा, याबद्दल मात्र चित्रकारांचं एकमत नाही. तोच विचार सोमवारी चाणक्याचा असतो, गुरुवारी विवेकानंदांचा, आणि महिनाअखेरीला बिचारा पोरका होऊन नुसताच ‘अज्ञात’ होतो.

गुलाब पाठवतात आमचे धाकटे काका. ते साताऱ्याला असतात. पाटबंधारे खात्यात त्यांची सगळी नोकरी गेली आणि त्या नोकरीत त्यांनी जी काही पत्रं लिहिली ती ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ अशीच सुरू झाली. हळवं काही बोलण्याबद्दल त्यांची कधीच ख्याती नव्हती. मुलीच्या पाठवणीच्या वेळी सगळं कार्यालय डोळे पुसत होतं, तेव्हा काका बाहेर टेम्पोवाल्याशी परतीच्या भाड्याची घासाघीस करत उभे होते. अशा माणसाने पहाटे उठून, चष्मा शोधून, जगाला गुलाब पाठवावा ही घटना मला अजून पुरती पचलेली नाही. न्यू जर्सीतल्या चुलत बहिणीकडे तो पोचतो तेव्हा तिथे आदल्या दिवसाची संध्याकाळ चालू असते. ती बिचारी कणीक मळता मळता शुभ प्रभात स्वीकारते आणि पिठाच्या बोटाने दोन जोडलेले हात पाठवून देते. सूर्य, पृथ्वी आणि काका यांच्यातला हा मामला आहे. तिने मध्ये पडण्यात अर्थ नाही.

तरुण मंडळींना हा गुलाब सोसवत नाही. फोन भरतो, अडकतो, मग सगळं पुसत बसावं लागतं, अशी त्यांची तक्रार असते, आणि ती खोटी नाही. भारतातले फोन इतके का गुदमरतात याचा शोध गूगलच्या अभियंत्यांनी घेतला, तेव्हा त्यांच्या हाती जी कारणं लागली त्यांत सुप्रभातच्या चित्रांचा हा महापूर होता. २०१८ च्या सुमारास त्यांनी आपल्या फाइल्स गो नावाच्या ॲपमध्ये अशी चित्रं हुडकून काढून पुसायची सोयच करून दिली. मी कल्पना करतो, तिकडे कॅलिफोर्नियात काचेच्या इमारतीत काही अतिशय बुद्धिमान माणसं बसली आहेत आणि यंत्राला शिकवत आहेत : हे बघ, हा बागेतला खरा गुलाब, याला हात लावायचा नाही, आणि हा सुविचारवाला गुलाब, याला सोडायचं नाही. यंत्र शिकलंही असेल. पण काकांच्या कामगिरीची एवढी दखल खात्याने तीस-पस्तीस वर्षांत कधी घेतली नव्हती, हेही त्याच वेळी नोंदवून ठेवलं पाहिजे.

मला स्वतःला हा गुलाब परका वाटत नाही, याचं कारण आमच्या घराण्याला नव्हे, सगळ्या मराठी मुलखालाच मजकुराआधी पुष्कळ वेळ काहीही न सांगण्याची जुनी सवय आहे. पेशवाईतली पत्रं उघडून पाहावीत. कोणी मोहिमेवर आहे, कोणाचं कर्ज थकलं आहे, कोणाच्या मागे सावकार लागला आहे. पण पत्र सुरू होतं ते साष्टांग नमस्काराने. मग येथील कुशल अमुक तिथीपर्यंत जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे, अशी विनंती. आणि त्यानंतर ‘विशेष’. म्हणजे खरं सांगायचं ते पुढे. त्या ‘विशेष’पर्यंत पोचायला जासुदाला जेवढी घाई असेल तेवढी लिहिणाऱ्याला नसे. आमच्या आजोळहून कार्डं यायची त्यांतही हाच रिवाज होता. इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवावे, यात पाव कार्ड खर्ची पडायचं. मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद, कळावे, लोभ असावा, यात आणखी पाव. उरलेल्या जागेत पाऊस यायचा. आणि सगळं लिहून झाल्यावर आजोबांना एकदम खरी गोष्ट आठवायची. मग कार्ड आडवं धरून, कडेच्या चिंचोळ्या पट्टीत, मुंग्यांनी रांग लावावी तशा अक्षरांत ते लिहायचे की थोरल्या मामाचं लग्न ठरलं.

शुभेच्छा तयार मिळतात म्हणून त्या खोट्या, असं म्हणणाऱ्यांना मी तारखात्याची आठवण करून देतो. तारेने शुभेच्छा पाठवायच्या तर वाक्य जुळवण्याची गरज नसे. पोस्टात छापील यादी असायची, दिवाळीपासून लग्नापर्यंत प्रत्येक प्रसंगाला एकेक वाक्य आणि प्रत्येक वाक्याला एकेक आकडा. आपण फक्त आकडा सांगायचा. तो आकडा तारेवरून धावत जायचा आणि पलीकडच्या कचेरीत त्याचे पुन्हा शब्द होऊन वधूवरांच्या हाती पडायचे. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली तेव्हा हळहळणाऱ्यांत असे कितीतरी लोक होते, ज्यांनी आयुष्यभर आपला आनंद आकड्यांत कळवला होता. त्या तारा घरोघर ट्रंकेच्या तळाशी जपलेल्या आहेत. मजकूर उसना आहे, हे पाठवणाऱ्याला माहीत होतं, घेणाऱ्यालाही माहीत होतं. आठवण तेवढी घरची होती आणि तेवढ्यावर दोघांचं भागत होतं.

या गुलाबाच्या प्रवासात मला सर्वांत मौजेची वाटते ती त्याची सुरक्षा. एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सॲपवरचा प्रत्येक संदेश पाठवणाऱ्याकडे कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याकडेच उघडतो. मधल्या वाटेवर कंपनीलाही तो वाचता येत नाही. उच्च कोटीचं गणित त्यामागे राबतं. आणि आमचं आयुष्य ज्यावरून गेलं ते पोस्टकार्ड कसं होतं? १८७९ मध्ये ते हिंदुस्थानात आलं तेव्हापासून उघडंच. कोणाच्या मुलीला सासरी त्रास आहे, कोणाचा मुलगा मॅट्रिकला पुन्हा बसला, कोणाकडून शंभर रुपये यायचे राहिले, हे सगळं उघड्या कार्डावर, उन्हातान्हातून, सायकलच्या पिशवीत. पोस्टमन ते वाचायचा आणि वाचल्याचं लपवायचाही नाही. “काकू, जावईबापूंची बदली झाली वाटतं,” असं म्हणत तो कार्ड हातात द्यायचा, म्हणजे आपण वाचायचे कष्ट वाचले. वाईट बातमीच्या कार्डाचा तर कोपराच फाडलेला असायचा, की लांबूनच कळावं आणि ते कोणी उंबऱ्याच्या आत नेऊ नये. लपवावं असं आमच्याकडे जे काही होतं, ते सगळं १५ पैशांत चव्हाट्यावरून गेलं. आता झाकावं असं काही उरलं नाही, तेव्हा दोन हंस आणि एक वाफाळता कप मात्र जगातल्या कोणत्याही हेरखात्याला उघडता येऊ नयेत अशा बंदोबस्तात साताऱ्याहून डोंबिवलीला जातात.

कार्डाने एक सवलत आपल्याला दिली होती, ती मात्र या व्यवस्थेने काढून घेतली. ‘पत्र पोचलं नसेल’ हे वाक्य केवढ्या संसारांना टेकू देऊन उभं होतं! उत्तर आलं नाही तर दोष पोस्टाचा. लग्नाला बोलावूनही कोणी आलं नाही तर पत्रिका गहाळ झाली. दोन्हीकडच्यांना खरं काय ते ठाऊक असे, तरी पोस्टखातं मध्ये गुन्हेगार होऊन निमूट उभं राहायचं आणि नाती वाचायची. नोव्हेंबर २०१४ मध्ये व्हॉट्सॲपवर त्या निळ्या खुणा आल्या आणि हा दयाळू साक्षीदार फितूर झाला. निरोप पोचला, वाचला, आणि वाचूनही गप्प बसलात, हे आता पुराव्यानिशी सिद्ध होतं. यावर आमच्या डोंबिवलीच्या आत्याने स्वतःची तोड काढली आहे. ती निरोप कधी उघडतच नाही. फोनच्या कपाळावरून एकेक ओळ सरकत जाते तेवढी ती चष्म्याच्या वरून वाचते, सगळं कळून घेते, आणि खूण करडीच राहू देते. संध्याकाळी कोणी विचारलं तर म्हणते, “अगो बाई, बघितलंच नाही ग अजून!” सभ्यतेला जागा उरत नाही तिथे ती फटीतून आत येते, ती अशी.

रुसव्याफुगव्यांची सोयही आता राहिली नाही. पूर्वी ग्रुप सोडणं ही एक भारदस्त घटना असे. पानावरून उठून जावं तसं माणूस उठायचा आणि अमुक गेले अशी दवंडी ॲप स्वतःच पिटायचं. मग काही क्षण शांतता. मग कोणी तरी “काय झालं?” विचारायचं, ज्याला माहीत असे तो खासगीत सांगायचा, थोरले काका फोन करायचे, आणि दोन दिवसांनी रुसलेले मेहुणे, पहिल्या दिवाळसणाच्या जावयासारखे, सन्मानाने परत आणले जायचे. २०२२ मध्ये कंपनीने सुधारणा केली : कोणी ग्रुप सोडला तर ते आता फक्त ॲडमिनला कळतं. ही सुधारणा करणाऱ्यांच्या घरी कोणी कधी रुसलेलं नसावं. आपण निघून गेलो हे कोणाच्या लक्षातच येऊ नये, यासाठी का माणूस रुसतो? आणि कळून कळणार कोणाला, तर ॲडमिनला. आमचा ॲडमिन म्हणजे सगळ्यांत धाकटा मावसभाऊ. त्याच्या मोबाइलचा डेटा जास्त म्हणून त्याला हे पद मिळालं. कोणाच्या पोस्टबद्दल आपल्याला तुरुंगात जावं लागेल या धास्तीने तो बरेच दिवस खंगला होता. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलं, की सदस्याने काही आक्षेपार्ह लिहिलं आणि त्यात ॲडमिनचा संगनमताचा हात नसेल, तर केवळ ॲडमिन म्हणून त्याला गुन्हेगार धरता येणार नाही. निकाल वाचून तो इतका मोकळा झाला, की त्याने ग्रुपच्या चित्रावर कुलदैवत लावलं.

आता उपयोगी निरोपांविषयी. माझं भांडण आहे ते यांच्याशी. गुलाब कोणाला काही शिकवत नाही. उपयोगी निरोप मात्र शिकवायलाच येतो. तो सांगतो की अमुक पाला उपाशीपोटी चावला तर मधुमेह पळतो. अमुक नोटेत यंत्र दडवलं आहे. अमुक तारखेला रात्री आकाशातून किरण येणार आहेत, फोन उशाशी ठेवू नका. शेवटी एक विनवणी असते, की आपल्या माणसांची काळजी असेल तर हे पुढे पाठवा. काळजी तर सगळ्यांनाच असते. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, हा निरोप २०१८ च्या उन्हाळ्यात असाच, काळजीपोटी, फोनाफोनांतून पसरला. १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा नावाच्या गावी, आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी जमावाने पाच जणांना ठार मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजातली, भिक्षा मागून पोट भरणारी ती माणसं होती. त्यांनी कोणाचं मूल पळवलं नव्हतं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतापुरती मर्यादा घातली, की एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल. ज्यांनी तो निरोप पुढे ढकलला त्यांतल्या अनेकांना आपण गावाच्या भल्याचं काही करतो आहोत असंच वाटलं असणार. हा विचार मनात आला की मी काकांच्या सुविचाराकडे फार मायेने बघतो. त्याच्यामुळे आजवर कोणी सुधारलेलं नाही, हे खरं. पण कोणाच्या केसाला धक्काही लागलेला नाही.

आणि तो अगदीच मुका असतो असंही नाही. हे मला आत्याने शिकवलं. चित्राकडे ती बघतही नाही. तिचं लक्ष असतं खाली कोपऱ्यातल्या वेळेकडे. गुलाब साडेपाचला आला म्हणजे काका अजिंक्यताऱ्याच्या बाजूला फिरायला निघाले, सगळं ठीक. साडेसातला आला म्हणजे गुडघा दुखतो आहे, आज फिरणं नाही. गुलाबाऐवजी एकदम गणपती आला म्हणजे चतुर्थी, आणि उपासाला खिचडी करून द्यायला शेजारच्या वहिनी येणार, म्हणजे त्याचीही चिंता नाही. पण कधी कधी गुलाब रात्री अडीचला येतो. काकू गेल्यापासून काकांना काही रात्री मोठ्या वाटतात. अडीच वाजता शुभ प्रभात म्हणणाऱ्या माणसाची प्रभात कुठल्या बाजूला आहे, ते आत्याला विचारावं लागत नाही. ग्रुपवर ती काही लिहीत नाही. आठ वाजले, चहा झाला असेल असा अंदाज घेऊन ती फोन लावते आणि विचारते, “काय रे, कंदी पेढ्याचा भाव काय चाललाय तिकडे?” आत्याला मधुमेह आहे. पेढा तिने वर्षानुवर्षं घरात आणलेला नाही आणि ते काकांना पक्कं ठाऊक आहे. तरी ते भाव सांगतात, राजवाड्याजवळच्या दुकानात काय आणि पोवई नाक्याला काय, दोन्हींतला फरक समजावून देतात, मग पाण्याची पाळी, मग नगरपालिका. बोलता बोलता आवाज नेहमीच्या पट्टीत येतो. “बरं, मग घेऊन ये येताना पावशेर,” असं म्हणून ती फोन ठेवते. दोघं साठ वर्षं भाऊबहीण आहेत. रात्रीविषयी एक अक्षर निघत नाही.

त्यामुळे या माध्यमांबद्दल मला मत विचारलं तर मी एवढंच म्हणेन, की त्यांच्यावर ज्ञान लादू नये. ते वजन त्यांना पेलत नाही. कुशल तेवढं त्यांच्याकडे सोपवावं; ते काम ती जासुदाइतक्याच इमानाने करतात. हे कुशल पुढे टिकेल की नाही याचीच काय ती शंका. ऑर्कुट नावाच्या संकेतस्थळाच्या भिंतींवर आम्ही एकमेकांची केवढी स्तुती लिहून ठेवली होती! २०१४ च्या सप्टेंबरअखेर ती वास्तूच पाडली गेली. माळ्यावरच्या दप्तराला वाळवी लागते, पण ती पानं चुकवते, काही तरी मागे ठेवते. इतिहासाचार्य राजवाडे अशाच उरलेल्या कागदांसाठी गावोगाव हिंडले. १८९८ मध्ये त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला आणि पुढे त्याचे बावीस खंड झाले, १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळही उभं राहिलं. बखरींवर त्यांची खप्पामर्जी होती. बखर रंगवून सांगते, ऐकीव सांगते, कोणाच्या तरी सोयीचं सांगते. अस्सल पत्र ते अस्सल पत्र.

उद्या कोणी नवे राजवाडे आमच्या काळाचा शोध घ्यायला निघाले आणि एखादा फोन त्यांच्या हाती शाबूत लागला, तर त्यांचं काम मला फार अवघड दिसत नाही. पाला, नोटा, किरण आणि टोळ्या यांचे सगळे उपयोगी निरोप त्यांनी बखरी म्हणून बाजूला ठेवावेत. काकांचे गुलाब अस्सल धरावेत : मजकूर उसना, पण तारीख खरी, वेळ खरी, आणि लिहिणार त्या घटकेला यथास्थित. अडीच वाजताच्या गुलाबांवर त्यांनी हवं तर वेगळी टीप द्यावी. फोन साताऱ्याच्या वेळेवर होता की आणखी कुठल्या, यावर पुण्यात दोन तट पडतील, त्याला इलाज नाही. एक पक्ष गुलाब पहाटेचा म्हणेल, दुसरा मध्यरात्रीचा. लेख, प्रतिलेख, खंडन होईल. आणि दोन्ही पक्षांचे आपापले ग्रुप असतील, त्यांवर रोज सकाळी कोणी तरी काही तरी फुलं पाठवील.